एकशे चोवीस वर्षांचा अर्धा पूल

आमच्या नदीवरचा लोखंडी पूल किती वर्षांचा आहे हे मला विचारण्यात आलं, कारण नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये मी बसतो. तिथे बसणाऱ्या माणसाला सगळं माहीत असतं असा वरच्या मजल्यावर समज आहे. खरं म्हणजे तिथे बसणाऱ्या माणसाला काय सापडत नाही एवढंच माहीत असतं.

विचारणारे होते आमचे कार्यकारी अभियंता. त्यांना पाठीमागे सगळे लेव्हलसाहेब म्हणतात, कारण समोर काहीही ठेवलं तरी 'हे आपल्या लेव्हलचं नाही' आणि 'हे वरच्या लेव्हलला बघू' या दोनपैकी एक वाक्य त्यांच्या तोंडून येतं. माणूस वाईट नाही. फक्त त्यांची स्वतःची लेव्हल नक्की कोणती, हे अजून कुणाला सापडलेलं नाही.

"पूल काढायचाय," ते म्हणाले. "वरच्या लेव्हलला ठरलंय. गाड्या तर कधीच बंद केल्यात, आता लोखंडही गंजलंय. पण एक भानगड आहे. शंभर वर्षांवरचं बांधकाम असेल तर वारसा समितीला विचारल्याशिवाय हात लावता येत नाही. शंभरच्या आतलं असेल तर सोमवारपासून काढायला घेतो. तेव्हा मला त्याचं वय सांगा."

"वय किती असायला हवंय, साहेब?"

"खरं असेल ते."

एकवीस वर्षांच्या नोकरीत हे उत्तर मला पहिल्यांदाच मिळालं. माझा गोंधळ सुरू झाला तो तिथपासून.

माझं या पुलात काय अडकलं होतं तेही सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी लपवलं म्हणायला नको. माझी आई पश्चिमेच्या काठावर, आमच्याकडे राहते. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, पूर्वेच्या काठावर एकटी राहते. अकरा वर्षांपूर्वी मावशीने नवं घर घेतलं आणि आईला फोन करून सांगितलं, "कधीही ये." आईने फोन ठेवला आणि म्हणाली, "कधीही ये म्हणजे येऊ नको. बोलवायचं असतं तर वार सांगितला असता." तिने उलट निरोप पाठवला, की मी मोठी आहे, धाकटीने आधी यावं. मावशीने कळवलं, की मोठी आहे तर मोठेपणा दाखव, आधी तू ये. तेव्हापासून दोघींनी एकमेकींचा उंबरा ओलांडलेला नाही. भांडण म्हणावं तर त्यांच्यात कधी आवाज चढला नाही, आणि भांडण नाही म्हणावं तर अकरा वर्षं काय चाललंय ते सांगता येत नाही.

मात्र रोज दुपारी चार वाजता त्या पुलावर भेटतात.

पुलाची रचना त्यांच्यासाठीच केल्यासारखी आहे. दोन्ही काठांवरून एकेक लोखंडी पिंजरा निघतो, उभ्या-आडव्या-तिरक्या पट्ट्यांचा, आणि नदीच्या मधोमध एका दगडी खांबावर दोन्ही टेकतात. दोन पिंजऱ्यांच्या मध्ये बोटभर फट ठेवली आहे, उन्हात लोखंड वाढतं म्हणून. त्या खांबावर पूल जरा रुंद होतो. आई फटीच्या अलीकडे घडीचं स्टूल मांडते, मावशी पलीकडे. डबे फटीवरून इकडे-तिकडे जातात, औषधांच्या गोळ्या जातात, विणायला घेतलेला आणि न जमलेला स्वेटर जातो. कुणी कुणाच्या हद्दीत जात नाही, त्यामुळे कुणी आधी गेलं असं होत नाही. आईचे गुडघे दुखतात, पण घरापासून पूल तीनशे पावलांवर आहे. तेवढं ती जाते.

दोन किलोमीटरवर नवा पूल झाला आहे. सहा पदरी आहे, फूटपाथ नाही. तिथे थांबणारा माणूस एकदाच थांबतो.

त्या दिवशी मी ऑफिसातून चार वाजता सटकलो आणि पुलावर जाऊन दोघींना सांगितलं.

"पाडणार म्हणजे सगळा?" मावशीने विचारलं.

"पूल अर्धा पाडत नाहीत, मावशी."

"मग आम्ही बसायचं कुठे?"

"घरी बसा की."

"कुणाच्या?" दोघी एकदम म्हणाल्या, आणि एकदम म्हणाल्याचा दोघींना राग आला.

"तिला म्हणावं, माझ्या घरात खुर्च्या चार आहेत," आई माझ्याकडे बघून म्हणाली. मावशी हातभर अंतरावर बसली होती.

"तिला म्हणावं, खुर्च्या फर्निचरच्या दुकानातही असतात. तिथेही मी जात नाही."

"बघितलंस? सरळ बोलायचं म्हणून नाही."

"तू कधी सरळ बोललीस गं? बाबांना सुद्धा तू चष्म्यावरून टोमणे मारायचीस."

"ते वेगळं. बाबांना ऐकू येत नव्हतं."

मी म्हटलं, पूल शंभर वर्षांचा निघाला तर वाचेल. तुम्हाला काही आठवतं का? त्यावर दोघी विचारात पडल्या, आणि तसं बघता ती माझी चूकच होती.

"पूर आला तेव्हा यातला अर्धा पूल वाहून गेला होता," आई म्हणाली. "मी बारा वर्षांची होते. तिकडचा गेला. तिच्या बाजूचा."

"काहीतरीच. तुझ्या बाजूचा गेला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"तू नऊ वर्षांची होतीस आणि पलंगाखाली होतीस."

"पलंगाखालून दिसत होतं."

रेकॉर्ड रूममध्ये मी आठ दिवस शोधलं. पुलांची फाइल नव्हती. 'पूल (इतर)' अशी फाइल होती, तिच्यात एका बागेतल्या लाकडी साकवाचे सतरा कागद होते आणि आमच्या पुलाचा एक. तो साठ वर्षांपूर्वीचा होता: 'पुरात गाळा क्रमांक दोन वाहून गेला. तातडीची व्यवस्था म्हणून अन्यत्र वापरात नसलेला, तेवढ्याच लांबीचा जुना गाळा आणून बसवण्यात आला.' खाली सही. गाळा म्हणजे दोन आधारांमधला पुलाचा भाग. आमच्या पुलाला दोनच गाळे, त्यामुळे क्रमांक दोन म्हणजे दुसरा. पण दुसरा कुठल्या काठापासून मोजून, हे सही करणाऱ्याला बहुधा इतकं उघड वाटलं असावं की त्याने ते लिहिलंच नाही.

मी लेव्हलसाहेबांना विचारलं, "आपण गाळे कुठून मोजतो?"

"ऑफिसच्या बाजूने."

"साठ वर्षांपूर्वी ऑफिस कुठे होतं?"

त्यांनी पंख्याकडे बघितलं. "हे आपल्या लेव्हलचं नाही."

शेवटी मी नगरपालिकेच्या निवृत्त रंगाऱ्याकडे गेलो. त्याने चाळीस वर्षं पूल रंगवला, त्याच्या आधी त्याच्या वडिलांनी. घराच्या दाराला तीन रंग होते आणि तिन्ही नगरपालिकेचे होते, हे मी ओळखलं, पण बोललो नाही.

"दर दोन वर्षांनी रंगवायचा," तो म्हणाला. "वर्षअखेरीला. गोदामात जो उरला असेल तो रंग. एकदा दवाखान्याचा हिरवा, एकदा शाळेच्या बाकांचा तपकिरी. एका साली पाण्याच्या टाक्यांचा रुपेरी होता, तेव्हा छान दिसला. माणसं फोटो काढायची."

"आधीचा रंग खरवडून?"

तो दचकला. "छे! खरवडायचा कशाला? खरवडल्यावर खाली जे निघेल त्याची जबाबदारी कोण घेणार? माझ्या वडिलांनी सांगितलं होतं, वरून मार, खाली बघू नको. आमच्या खात्यात कुणीच कधी खरवडलं नाही."

"कधीच नाही?"

"एकाने एकदा खरवडलं होतं. त्याची बदली झाली."

मी रस्त्यावर येऊन थांबलो. ज्या खात्याने कधीच काही खरवडलं नाही, त्याने नकळत सगळं जपून ठेवलं होतं. झाडाचं वय वलयांवरून कळतं. आमच्या पुलाचं रंगावरून कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी, रंगारी, भिंग आणि एक पातं असे पुलावर गेलो. चार वाजले होते, त्यामुळे आई आणि मावशीही होत्या. रंगाऱ्याने दोन्ही गाळ्यांच्या उभ्या पट्ट्यांवरून नाण्याएवढी एकेक खपली काढली. आयुष्यात पहिल्यांदा खाली बघत होता बिचारा. खपलीची कड भिंगाखाली धरली तर थरावर थर, चोपड्यांच्या गठ्ठ्यासारखे. मला ते मोजता येईनात, बावीसच्या पुढे सगळं एक दिसायला लागलं.

"आण इकडे," मावशी म्हणाली. तिने पस्तीस वर्षं शिवणकाम केलंय. पर्समधून सुई काढली आणि सुईच्या टोकाने एकेक थर वेगळा करत मोजायला लागली. पूर्वेचा गाळा: चव्वेचाळीस थर.

"म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षं," मी म्हणालो. माझं तोंड पडलं.

"आता माझ्या बाजूचं मोज," आई म्हणाली. "नीट मोज. कमी मोजू नकोस."

"मी कशाला कमी मोजू?"

"तुझी सवय आहे."

पश्चिमेचा गाळा: एकसष्ट थर. वरचे तीस दोन्हीकडे सारखे होते, हिरव्याखाली तपकिरी, तपकिरीखाली रुपेरी. पश्चिमेला त्याखाली एकतीस थर गडद लाल. रंगारी वाकून बराच वेळ बघत राहिला. "हा लाल आपला नाही," तो म्हणाला. "आपल्या गोदामात असा लाल कधी आलाच नाही."

म्हणजे झालं होतं ते असं. पूर्वेचा गाळा मूळचा, इथेच बांधलेला, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. पश्चिमेचा मूळ गाळा साठ वर्षांपूर्वी पुरात गेला आणि त्याच्या जागी कुठल्या तरी दुसऱ्या नदीवरून काढलेला जुना गाळा आणून बसवला. तो इथे नवा आला, पण येताना बासष्ट वर्षांचा होऊन आला. एकूण एकशे बावीस. आमच्या पुलाचा नवा भाग जुन्या भागापेक्षा जुना होता.

"मी म्हटलं नव्हतं?" मावशी म्हणाली. "तुझ्या बाजूचा गेला म्हणून? पलंगाखालून."

आईने मावशीच्या हातातली सुई घेतली आणि मावशीच्याच सुटलेल्या बटणाला चार टाके घालून दिले.

रंगाऱ्याने खपली काढलेल्या जागेच्या जवळ पोलादावर उठवलेले आकडे सापडले. कारखान्याने टाकलेला सन. त्यावरून गाळा एकशे चोवीस वर्षांचा ठरला. माझा हिशेब दोन वर्षांनी चुकला होता. "एका साली रंग मिळाला नसेल," रंगारी म्हणाला. दुसऱ्याच्या खात्यातला हलगर्जीपणा बघून त्याला जरा बरं वाटलेलं दिसलं.

मी अहवाल लिहिला. अकरा पानं, दोन खपल्या पाकिटात, टाचणीने जोडलेल्या. आयुष्यात मी लिहिलेलं एवढं पूर्ण काही नाही. दोन्ही गाळ्यांचा इतिहास, दोन्हींची वयं, रंगांची यादी, पुराचं साल. रात्री जेवताना बायकोला वाचून दाखवला.

"अठ्ठ्याऐंशीचं कशाला लिहिलंय?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"पूल एकशे चोवीस वर्षांचा आहे एवढंच लिही ना. कुणी विचारलंय तुला दुसऱ्या अर्ध्याचं?"

"इतिहास असा अर्धा लिहीत नसतात."

"बरं," ती म्हणाली आणि ताट उचललं. तिचं 'बरं' मी अठरा वर्षं ऐकतो आहे. त्याचा अर्थ मला दर वेळी दोन महिन्यांनी कळतो.

वारसा समिती आली. तीन माणसं, पैकी अध्यक्षबाई राजधानीतल्या विद्यापीठातल्या. उन्हात छत्री न घेता त्या पुलावर दीड तास चालल्या. खपल्या बघितल्या, आकडे बघितले, पोलादावरून हात फिरवला. इतक्या मनापासून त्या पूल बघत होत्या की मला धीर आला.

"असा अहवाल मी बऱ्याच वर्षांत वाचला नव्हता," त्या मला म्हणाल्या. "अत्यंत प्रामाणिक."

लेव्हलसाहेब मधे पडले. "बाई, अडचण अशी आहे की मूळ पूल शंभरचा नाही, आणि शंभरचा आहे तो मूळ नाही."

"हो ना," बाई म्हणाल्या. "फार गुंतागुंतीचं आहे." मग फटीजवळ थांबून म्हणाल्या, "हे दोन्ही गाळे एकमेकांवर अवलंबून आहेत?"

"नाही, नाही. एकदम स्वतंत्र. एक काढला तरी दुसरा मजेत उभा राहील." आयुष्यात एकदा साहेबांनी आपल्या लेव्हलवर उत्तर दिलं, आणि नेमकं तेव्हा.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मी ते बघितलं आणि मला काही वाटलं नाही. मी खूश होतो.

दोन महिन्यांनी पत्र आलं. पश्चिमेचा गाळा, वय एकशे चोवीस, वारसा म्हणून कायम जतन करण्यात यावा. पूर्वेचा गाळा, वय अठ्ठ्याऐंशी, नियमात बसत नाही, सबब नियोजनाप्रमाणे काढण्यात यावा. सोबत अहवाल लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याचं अभिनंदन.

मी पत्र तीनदा वाचलं. एकही चूक नव्हती. प्रत्येक वाक्य माझ्याच अहवालातून घेतलेलं होतं.

"साहेब, अर्धा पूल ठेवून काय करायचं?"

"जतन."

"पण तो जातो कुठे?"

"वारसा कुठे जायला लागत नाही," ते म्हणाले. मग दार लोटून, हळू आवाजात म्हणाले, "मलाही समजलेलं नाही हो. पण लेखी आलंय."

मी अपील केलं. उत्तर आलं, की पूर्वेच्या गाळ्याने आणखी बारा वर्षं काढली तर तो पात्र ठरेल, तेव्हा अर्ज करावा. आणखी एक अर्ज केला, त्याचं उत्तर बागेतल्या लाकडी साकवाबद्दल आलं.

बायकोने पत्र वाचून परत घडी घातली. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

शेवटच्या दिवशी चार वाजता मी दोघींबरोबर पुलावर होतो. पलीकडच्या काठाला क्रेन येऊन उभी होती. तिच्या सावलीत एक कामगार हेल्मेट पोटावर ठेवून झोपला होता. मी सगळं सांगितलं होतं, माझी चूक माझ्या तोंडाने कबूल केली होती. दोघी माझ्यावर चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"त्याने खरं तेच लिहिलं," मावशी म्हणाली.

"तुझ्यावर गेलाय," आई म्हणाली. "नको तिथे खरं."

डबे बदलून झाले. मी मनात म्हणत होतो, आता एक कुणीतरी म्हणेल. चार शब्दांचं काम होतं. उद्या घरी ये म्हणायचं. आईने घसा खाकरला.

"उद्यापासून तू काय करणार?" तिने विचारलं.

"बघू," मावशी म्हणाली. "तू?"

"बघू."

आणि दोघींनी आपापलं स्टूल मिटलं.

गाळा काढायला सव्वीस दिवस लागले. गॅसने रिव्हेटची डोकी कापत, खाली तराफे लावून, एकेक पट्टी सुटी करत. कापलेली डोकी नदीत पडायची, त्यांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा. मग आमच्या बाजूच्या गाळ्याला साठ वर्षांत प्रथमच खरवडून एकसारखा राखाडी रंग दिला, टोकाला छातीएवढा कठडा बसवला, दिवे लावले, आणि नगराध्यक्षांच्या हस्ते अर्ध्या पुलाचं उद्घाटन झालं. भाषणात ते म्हणाले, हा पूल दोन काठांना जोडत आला आहे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हात रिकामे होते म्हणून.

आई दुसऱ्या दिवसापासून परत चार वाजता जायला लागली. कठड्यापाशी स्टूल टाकायची. समोर नदीचा अर्धा भाग मोकळा, आणि पलीकडच्या काठावर, जिथून पूल सुरू व्हायचा त्या दगडी ओट्यावर, मावशी. एवढीशी. पहिल्या दिवशी आईने हात हलवला, मावशीने हलवला. मग दोघी तासभर एकमेकींकडे तोंड करून बसल्या.

"आई, फोन कर की तिला," मी म्हणालो.

"समोर बसलीये आणि फोन काय करू?"

"काय म्हणतेय ते तरी कळेल."

"काही म्हणत नाहीये. दिसतंय मला."

असं सात आठवडे चाललं. मग एका मंगळवारी ओटा रिकामा दिसला. बुधवारीही. आईने मला विचारलं नाही, पण जेवताना दोनदा मीठ मागितलं आणि दोन्ही वेळा घेतलं नाही. गुरुवारी मी नव्या पुलावरून बसने मावशीकडे गेलो. ती खिडकीजवळ मशीनवर काहीतरी उसवत बसली होती. धडधाकट.

"येत का नाहीस?"

"कुठे येऊ? ठिपका बघायला? मोठी बहीण आहे ती माझी. तिला ठिपका म्हणून बघवत नाही मला." तिने दोरा तोडला. "तिला सांग, बरी आहे. आणखी काही सांगू नको. तुला सांगायची फार हौस."

मी घरी येऊन फक्त एवढंच सांगितलं, की बरी आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी इतिहास अर्धा सांगितला.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला आईने साडी बदलली आणि म्हणाली, "टॅक्सी बोलव."

"कुठे जायचंय?"

"तिच्या घरी नाही. तिच्या दारापर्यंत."

"दारापर्यंत म्हणजे?"

"दारापर्यंत म्हणजे दारापर्यंत. मराठीच बोलतेय."

नव्या पुलावर गर्दी होती. पंधरा मिनिटांच्या रस्त्याला सव्वा तास लागला. आई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती आणि शेवटच्या अर्ध्या तासात अजिबात बोलली नाही. मला वाटलं, भावना दाटल्या असतील.

मावशीचं घर तळमजल्यावर आहे, दारापुढे दोन पायऱ्या. टॅक्सीचा आवाज ऐकून ती दार उघडून उभी राहिली होती. आई पायऱ्या चढली आणि उंबऱ्याच्या बाहेर थांबली. मी मागे, पडली तर धरायला.

"आलीस?" मावशी म्हणाली.

"आले नाही. इथे उभी आहे."

"मी आत ये म्हणणार नाही. अकरा वर्षांपूर्वी म्हटलंय."

"वार सांगितला नव्हतास."

"आज शुक्रवार आहे."

"मला माहीत आहे आज काय आहे."

मावशीने आतून एक खुर्ची ओढत आणली आणि उंबऱ्यावरून बाहेर दिली. एक स्वतःला आत ठेवली. दोघी बसल्या. मला वाटलं, झालं, जमलं. आता रोज असंच, ती बाहेर, ही आत. टॅक्सीचं महिन्याचं कसं ठरवायचं याचा मी विचार करायला लागलो. तेवढ्यात आई उठली. परत बसली. परत उठली.

"काय झालं?" मावशीने विचारलं.

"काही नाही."

"गुडघा?"

"नाही." आईने माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे, मग बहिणीकडे. "सव्वा तास गाडीत होते मी."

मावशीच्या चेहऱ्यावर उजाडलं. ती हसली नाही. आयुष्यभर ती आईला हसत आली, पण तेव्हा हसली नाही. उठली, खुर्ची बाजूला केली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "डावीकडे दुसरं दार. दिव्याचं बटण बाहेर आहे."

आई आत गेली. एवढ्या झपाट्याने की उंबरा आला कधी आणि मागे पडला कधी, हे मला सांगता येणार नाही.

"हे धरायचं नाही," मावशी मला म्हणाली.

"काय धरायचं नाही?"

"येणं. हे येणं नव्हे. गरज होती."

"बरं."

आतून नळाचा आवाज आला, बंद झाला. आई लगेच बाहेर येईल म्हणून मी खुर्ची पुसून ठेवली. ती आली नाही. आतून तिचा आवाज आला, "हे इथे काय ठेवलंयस गं? टॉवेल असा टांगतात का कुठे?"

"माझ्या घरात असाच टांगतात," मावशी म्हणाली आणि आत गेली. दार तिच्यामागे लोटलं गेलं. वाऱ्याने की हाताने, ते मी बघितलं नाही.

मी बाहेरच्या खुर्चीवर बसलो. आत भांड्यांचे आवाज, कपाट उघडल्याचा आवाज, पडदा सरकल्याचा आवाज. मधेच दोघी एकदम काहीतरी बोलत होत्या, मधेच दोघी गप्प. मी हे सगळं वाईट केलं की चांगलं, हे मी तिथे बसून ठरवायचा प्रयत्न केला. पूल मी घालवला होता, यात शंका नाही. पण तो असता तर आई इथे आली नसती. आणि आली तीही माझ्यामुळे नाही, नव्या पुलावरच्या गर्दीमुळे. अहवाल लिहायला बसलो असतो तर यातलं काय कुठल्या परिच्छेदात घालायचं हे मला सुचलं नसतं.

साडेसहा वाजले. टॅक्सीवाला गाडीतून उतरून आला. "काका, थांबायचं की जायचं?"

मी दारावर टकटक केली. "आई, निघायचं का?"

आतून उत्तर आलं, "थांब जरा."

दोघींचे आवाज सारखेच आहेत. थांब आईने म्हटलं की मावशीने, हे मला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. टॅक्सीवाल्याला म्हणालो, तुम्ही निघा.